नकाशातली पडकी खोली

बाबांचा हात फार चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की मला त्यांच्यात चांगलं काही दिसतच नव्हतं. कुवेतात ते एका परदेशी सर्वे कंपनीत ट्रेसर होते. इंजिनियर लोक उन्हातान्हात फिरून पेन्सिलीनं जे खरडून आणत, त्यावर पातळ, पारदर्शक कापड ताणून बाबा काळ्या शाईनं नेटका नकाशा उतरवून काढत. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडनं ती अशी खरवडत की कापडाला जखम होत नसे. कधी काम घरी आणलं की मला नकाशाच्या पाटाशेजारी बसू देत, मात्र श्वास जपून घ्यायचा. प्रत्येक ट्रेसरचा हात वेगळा असतो, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या सातच्या पोटात आडवी रेघ असे, चारचं डोकं बंद असे, आणि झाड काढायचं तर पाच टिंबांचं फूल काढून उजव्या अंगाला केसाएवढी बारीक सावली देत. बाकीचे ट्रेसर झाडाला सावली देत नाहीत, असं ते सांगत. "मना वाटतं द्यावी, म्हनून देतो," म्हणत आणि स्वतःशीच हसत. मला त्या सावलीचा इतका अभिमान होता की शाळेच्या वहीत मीही झाडांना सावल्या देत असे आणि बाई त्यावर शाई सांडली म्हणून गुण कापत.

आम्ही दस्मानला राहत होतो, समुद्रापासून चार गल्ल्या आत, मातीच्या जाड भिंतींच्या एका अरबी घराच्या मागच्या दोन खोल्यांत. समुद्र दिसत नसे, पण सकाळी वारा फिरला की ऐकू येई, आणि त्याच्यावर होड्या बांधणाऱ्या सुतारांची ठोकाठोक. पाणी टँकरनं येई. पाणीवाल्याची हाक आली की आई हातातलं पीठ तसंच ठेवून डबे घेऊन धावे. मधल्या अंगणात घरमालकीणबाईच्या बकऱ्या असत, आणि आईनं वाळत घातलेल्या कोलंबीच्या सोड्यांवर त्यांचा डोळा असे. रत्नागिरीकडून कुणी बोटीनं आलं की तांदळाचं पीठ, आमसुलं, नारळ आणि गुळाची ढेप येई. त्या दिवशी आमच्याकडे भाकरीचा वास सुटला की गल्लीच्या टोकापर्यंतची आमच्याकडची माणसं सहज म्हणून डोकावत. रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान तेव्हाही तिथे पुष्कळ होते. कुणी हॉटेलात आचारी, कुणी गोदीत मुकादम, कुणी दुकानात. बायकापोरं आणलेली मात्र थोडीच. त्यामुळे माझ्या आईला दिवसचे दिवस बोलायला कुणी नसे. घरमालकीणबाईशी ती हातवारे करून बोले आणि दोघी एकमेकींना काही न समजता अर्धा अर्धा तास हसत.

आई हसत असे ते मला मुद्दाम लिहायचं होतं. आम्ही तिथे गेलो त्याच हिवाळ्यात तिला मूल झालं आणि ते मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. पुरुषमाणसं तिला कापडात गुंडाळून घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. तिथल्या कबरस्तानात बायका जात नसत, आणि कबरींवर नावनिशाणी ठेवण्याचीही रीत नव्हती. वाळूचा एक उंचवटा आणि उशापायथ्याला दोन दगड, बस्स. आईनं बाबांना विचारलं होतं, कुठल्या बाजूला, कुणाच्या शेजारी. त्यांना सांगता आलं नाही. बारीक सावल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे सांगता येऊ नये, याचं मला आज नवल वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

आणि म्हणून आईला एक दुसरी कबर लागली. आमच्या गल्लीच्या पुढे, शहराचा जुना कोट पाडल्यावर जी मोकळी जागा झाली होती तिच्या कडेला, एका वाकड्या झाडाखाली एक लहानशी घुमटी होती. भिंती समुद्रातल्या दगडांच्या, वर मातीचा गिलावा, अर्धाअधिक गळून पडलेला. घुमटाला एका बाजूनं भगदाड, त्यातून पारवे ये-जा करीत. दार कधीच कुणी पळवलेलं. पण आत कबर होती, आणि तिच्या उशाशी उभा असा संगमरवरी दगड होता, त्याच्या माथ्यावर दगडातच कोरलेलं मोठं पागोटं. तसला दगड आमच्याकडच्या कुणी जन्मात पाहिला नव्हता. घुमट आहे, पागोटं आहे, पारवे आहेत, म्हणजे हा पीर, असं आमच्या लोकांनी ठरवून टाकलं. त्यांचं नाव काय, गाव काय, कुणी विचारलं नाही. पागोट्याचा पीर म्हटलं की झालं. तिथल्या अरबांना असली कबरींची पूजा पसंत नव्हती, ते तोंड फिरवून जात. आमच्या लोकांनी मात्र आपल्या मनानंच उरुसाची तारीखही नेमली. वर्षातून एकदा सगळे जमून घुमटी झाडून काढीत, आतून-बाहेरून चुना फासत, हिरवी चादर चढवीत. गावच्या दर्ग्याला जे करायचं ते इथे. मलिदा आई करी. चपात्या लाटायला तेवढं पीठ नसे, मग इराणी भट्टीवरच्या गरम रोट्या आणून त्या कुस्करायच्या, त्यात गूळ, खोबरं, वेलची. बोटांना चटके बसत. तसा मलिदा मी नंतर पुन्हा कधी खाल्ला नाही, आणि केलेला कधी तसा लागला नाही.

उरूस वर्षातून एकदा, आई मात्र दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, जाई, दुपारची नमाज झाल्यावर, मला बरोबर घेऊन. दोन उदबत्त्या लावी, मेलेल्यांसाठी म्हणतात ती फातिहा वाची आणि मग भिंतीला टेकून नुसती बसे. एकदा मी कंटाळून विचारलं की इतका वेळ काय मागतेस.

"मागत नाय काय," ती म्हणाली. "माज्या पोरीपाशी मना कुनी जाऊ देत नाय. हितं बसाला कुनी नको बोलत नाय. फातिहा वाचली की ती जाते जितं जायची तितं."

बाबांना हे ठाऊक होतं. आईनं त्यांना याच शब्दांत सांगितलं होतं, माझ्यासमोर. ही गोष्ट वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी, कारण मी ती आयुष्यभर विसरू शकलेले नाही.

मी मुलींच्या सरकारी शाळेत जात होते. आमच्या वर्गाच्या बाई सल्मा नावाच्या होत्या, तिथल्या रीतीनं आम्ही त्यांना अबला म्हणत असू. त्या पॅलेस्टाइनच्या, याफा गावच्या. ते गाव त्यांना सोडावं लागलं होतं. एकदा निबंधात मी पागोट्याच्या पिराबद्दल लिहिलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्यांनी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, चल, दाखव. घुमटीत शिरून त्या आधी त्या दगडासमोर उभ्या राहिल्या आणि मग बॅगेतला रुमाल काढून पागोट्यावरचा चुना पुसू लागल्या. चुन्याचे पापुद्रे निघाले तशी खाली कोरलेली अक्षरं दिसू लागली. अक्षरं अरबी होती, पण मला वाचता येईनात. "ही तुर्की भाषा आहे," त्या म्हणाल्या, "माझ्या आजोबांकडून थोडी शिकले." बराच वेळ त्या ओठ हलवत बसल्या. पहिल्या दोन ओळी लागल्या. तो पीर नव्हता. तुर्कांच्या अमलात इकडे पाठवलेला एक हकीम होता, साथीच्या रोग्यांना बघता बघता त्याच साथीत गेलेला. शेवटची ओळ मलाही वाचता आली, कारण तिच्यात फातिहा हा शब्द होता. त्याच्या आत्म्यासाठी फातिहा वाचा, असं लिहिलं होतं.

घरी येऊन मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुझा पीर पीर नाही, तुर्की डॉक्टर आहे. मला वाटलं होतं, तिचं तोंड उतरेल. ती तांदूळ निवडत होती, सुपातून मान वर न करता म्हणाली, "आजाऱ्यांची सेवा करून मेला तो. आनि काय पायजे पीर व्हाया?" आणि थोड्या वेळानं, "फातिहा वाचा म्हनून लिवलान ना? मग. मी वाचतेच की."

अबला सल्मांना त्या दगडानं झपाटलं. त्या सुमारास कुवेत वेगानं पाडलं जात होतं आणि वेगानं बांधलं जात होतं. गल्लीच्या गल्ल्या सरकार विकत घेई, माणसं नव्या वस्त्यांत जात, रिकाम्या घरांची दारंखिडक्या निघत आणि मग एक दिवस बुलडोझर येई. आमच्या घरमालकीणबाईचीही पाळी जवळ आली होती. मोकळ्या जागेत नव्या रस्त्याच्या, लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसू लागल्या होत्या, आणि त्यांची रांग सरळ घुमटीकडे निघाली होती. अबला म्हणाल्या, जुनी कबर आहे, नाव-हुद्द्यासकट, एवढं कागदावर दाखवता आलं तरी पुरे. कबरीवरून रस्ता न्यायचा तर काझीची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. रस्ता थोडा वळवतील. "माझ्या गावच्या कबरींचं काय झालं ते मला कळणारसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "ही एक तरी राहू दे." त्यांना दगडावरच्या मजकुराची हुबेहूब नक्कल हवी होती. फोटो काढून पाहिला, पण चुन्यामुळे त्यात काही दिसेना. नक्कल म्हटल्यावर मी फुशारकीनं म्हणाले, माझे बाबा काढतील, त्यांच्यासारखा हात कुवेतात नाही.

बाबा आधी टाळाटाळ करीत होते. आज काम आहे, उद्या वारा आहे. मी पिच्छा सोडला नाही. शेवटी ईद होऊन गेल्यावरच्या एका जुम्याला, शुक्रवारच्या सुट्टीत, सकाळी ते तयार झाले. ती सकाळ माझ्या सगळ्या बालपणातली सगळ्यात सुखाची सकाळ होती, आणि म्हणूनच मला ती नको झाली आहे. बाबांनी ब्लेड काढलं, आणि कापडावरची शाई खरवडत तशाच हलक्या हातानं एकेका अक्षरातला चुना काढला. मी फुंकर मारून पूड उडवत होते. आई बाहेर झाडाखाली चहाची किटली घेऊन बसली होती. मग बाबांनी दगडावर ट्रेसिंगचं कापड ताणलं, चारी कोपरे मला धरायला लावले आणि आधी पेन्सिलीनं, मग घरी येऊन शाईनं, सगळा मजकूर उतरवला, पागोट्याच्या घड्यांसकट. कोपऱ्यात त्यांनी सवयीनं दगडाची लांबी-रुंदी लिहिली, सत्तावीस इंच, चौदा इंच. काम चाललेलं असताना ते फारसे बोलले नाहीत. मला वाटलं, मन लावून करताहेत. निघताना त्यांनी कबरीवर हात फिरवला आणि म्हणाले, "चांगला कारागीर होता दगडाचा." आई मला म्हणाली, तुझ्या बाबांना सवाब लागेल, पुण्य लागेल.

यानंतर आमच्या लोकांनी, कुणालाही वाईट हेतू नसताना, स्वतःच्या हातानं घात करून घेतला. उरूस जवळ आला होता. रस्ता येतो आहे ही कुणकुण लागल्यामुळे यंदा पिराचं जास्तच करायचं असं ठरलं. मी शाळेत असताना आठ-दहा माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन गेली आणि घुमटी, कबर, दगड, सगळं तीन तीन हात देऊन पांढरंशुभ्र करून आली. दगड गुळगुळीत दिसेल म्हणून कुणा हौशी माणसानं अक्षरांच्या खाचाही चुन्यात वाळू कालवून बुजवल्या आणि वरून सारखं केलं. दगडावर आता बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. मी रडले तर आचारी हुसेनचाचा मला समजावू लागले, "अगो, पिराला आता कशी नवी कबर केली. रडतंस काय?" त्यांना काय सांगणार. आता त्या मजकुराचा पुरावा एकच उरला होता, बाबांनी काढलेली नक्कल.

अबला सल्मांनी अर्ज लिहिला आणि मला बरोबर घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या. कबरीची देखरेख आमची माणसं करतात, तेव्हा त्यांच्यातलं कुणीतरी हवं, आणि अरबी वाचता-बोलता येणारी मीच. त्या खोलीत पंखा होता आणि टेबलामागे एक वयस्क, गोड बोलणारे अधिकारी होते. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. अर्ज शांतपणे वाचला. मग मागच्या कपाटातून एक मोठी गुंडाळी काढून टेबलावर पसरली आणि कडांना पेले ठेवले. त्या भागाचा नवा नकाशा होता, सर्वे कंपनीकडून आलेला. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. हे कबरस्तान, कबरीची खूण अशी असते, हा चौकोन आणि त्यात अर्धचंद्र. ही मशीद. आणि तुम्ही म्हणता ती जागा ही. तिथे एक तुटक रेघांचा चौकोन होता. "तुटक रेघा म्हणजे पडकी खोली," ते म्हणाले. "मालक नाही, वापर नाही. कबर असती तर या माणसानं चुकवली नसती. बघा किती काळजीनं काढलं आहे सगळं. झाडसुद्धा दाखवलं आहे."

झाड होतंच. पाच टिंबांचं, उजव्या अंगाला बारीक सावली असलेलं.

मला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. नकाशावर जिकडे तिकडे पोटात रेघ असलेले सात होते, बंद डोक्याचे चार होते. ज्या माणसानं त्या झाडाची सावली काढली होती, त्यानंच तिच्याखालच्या कबरीच्या जागी तुटक रेघा ओढल्या होत्या. तेवढ्यात अबलांनी बॅगेतून नक्कल काढली आणि नकाशावरच, त्याच जागी, पसरली. "हा त्या दगडावरचा मजकूर," त्या म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून घातला. पागोटं पाहिलं, अक्षरं पाहिली. मग कोपऱ्यातले आकडे पाहिले. सत्तावीस, चौदा. त्यांची नजर थोडी खाली घसरली, नकाशावर, आणि पुन्हा वर आली. "हा शिकलेला हात आहे," ते म्हणाले. "कुणी काढलं हे?"

अबलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं कुणी काढलं ते, मीच तर शेखी मिरवली होती. त्यांना वाटलं, मुलीला अभिमानानं सांगू द्यावं. बाबांचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार होता, ते कुठे काम करतात. आणि मग दोन्ही कागद शेजारी शेजारी होतेच. त्यांची नोकरी जाणार, आम्हाला पुढच्या बोटीनं परत पाठवणार, कदाचित त्यांना पकडणारसुद्धा. बारा वर्षांच्या मुलीला जेवढं भयानक सुचू शकतं तेवढं सगळं मला एका क्षणात सुचलं.

"मी काढलं," मी म्हणाले.

ते हसले, अगदी मायेनं. "शाबास. चित्रकला चांगली शिकवतात शाळेत." नक्कल त्यांनी जपून दुमडली, बरोबर मधोमध, आणि माझ्या हातात दिली. "पण बाई, मुलीचं चित्र मी फायलीला कसं लावणार? तरी मी माणूस पाठवतो, दगड पाहून येईल." माणूस पाठवला त्यांनी, शब्द पाळला. त्याला ताज्या चुन्याचं एक पांढरं ढेकूळ, उदबत्तीची राख आणि मलिद्याला लागलेल्या मुंग्या दिसल्या. पडक्या खोलीत हिंदी मजुरांनी पीर मांडला आहे, असं त्यानं लिहून दिलं. त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर अबला सल्मा पुढे चालू लागल्या. कचेरीत येताना त्यांनी रस्ता ओलांडायला माझा हात धरला होता, परत जाताना धरला नाही. शाळेच्या फाटकाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारणार नाही. पण तू मला आधी सांगायला हवं होतंस." आधी मला तरी कुठे ठाऊक होतं. पण ते त्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा बाबांपाशीच येणं होतं. मी घराकडे वळले. त्यानंतर वर्गात त्यांनी मला कधी फळ्यापाशी बोलावलं नाही.

बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा आई पाण्याच्या रांगेत होती. मी ती दुमडलेली नक्कल त्यांच्यासमोर ठेवली आणि नकाशा पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, खाली बसले.

"खूण कुठली घालाची ते साहेब ठरवतो," ते म्हणाले. "मी ट्रेसर हाय."

"तुमाला ठाव नव्हतं ती कबर हाय म्हनून?"

"ठाव होतं."

"मग सांगितलंत नाय?"

"सांगितलं. साहेब बोल्ला, कबर दाखवलीस तर काम काझीकडं जाईल, सा म्हयनं रस्ता थांबंल. बोल्ला, तुना अहमदीत कंपनीचं क्वार्टर पायजे ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नळ हाय तितं, जुलू. चोवीस तास. तुझी आय डबे घेऊन धावते ती मना बगवत नाय."

मी विचारलं की ती नकाशाची शीट कधी काढलीत. मला वाटत होतं, निदान नंतर काढली असेल, त्या जुम्यानंतर, साहेबाच्या दबावाखाली. ते म्हणाले, रमजानच्या आधी. म्हणजे मी कापडाचे कोपरे धरून बसले होते आणि आई बाहेर चहा गाळत होती तेव्हा त्यांच्या मनात ते सगळं होतं. मग नक्कल काढलीत कशाला, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, "तू सांगितलंस म्हनून." मी इतकी वर्षं या उत्तरावर विचार केला आहे. कधी वाटतं, त्यांना ते दगडाला देणं लागतं असं वाटलं असेल. कधी वाटतं, त्यांना फक्त माझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं. पण त्यांनी मला फसवलं होतं, इतकं साधं आहे ते. साहेबानं सांगितलेलं त्यांनी केलं याबद्दल मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं. ती सुंदर सकाळ मात्र त्यांनी मला द्यायला नको होती. निघताना दारात थांबून ते म्हणाले, "आयला बोलू नको."

घुमटी पाडली तेव्हा आम्ही अजून दस्मानलाच होतो. पाडायला फार वेळ लागला नाही. पारवे दिवसभर वर फिरत राहिले आणि संध्याकाळी कुठेतरी गेले. दगडाचं काय झालं ठाऊक नाही, भरावात गेला असेल. हाडं काढून नीट दुसरीकडे पुरली असं हुसेनचाचा सांगत, पण ते त्यांनी आमच्या समाधानासाठी सांगितलं असावं. पडक्या खोलीत हाडं शोधायला कोण जातं. आई त्या जुम्मेरातीला उदबत्त्या घेऊन गेली आणि तशीच परत आली. उदबत्त्या तिनं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या आणि भांडी घासायला बसली, घासलेली भांडी पुन्हा घासली.

काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे कुवेतात महबूल्याला राहायला गेले होते, तेव्हा नातवानं मला गाडीतून दस्मानला नेलं. मी त्याला ती जागा दाखवायला निघाले आणि मला ती सापडली नाही. सहापदरी रस्ता, हिरवळ, समुद्राकडे तोंड करून उभ्या काचेच्या इमारती. "बट व्हॉट वॉज इट, दादी?" तो विचारत होता. कबर होती, मी म्हणाले. त्यानं फोनवर जुना नकाशा काढून दाखवला, हल्ली असलं सगळं मिळतं म्हणे. मी तो बघायला नकार दिला. त्याला वाटलं, मला चष्म्याशिवाय दिसत नसेल.

अहमदीचं क्वार्टर मात्र छान होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पांढऱ्या भिंती, पुढे चार पावलांची बाग, आणि स्वयंपाकघरात नळ. पहिल्या दिवशी आईनं नळ सोडला आणि त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिली. पहिलं सणासारखं जेवण तिनं तिथे केलं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार, सुरमई तळली. आम्ही तिघं जेवायला बसलो. आई वाढता वाढता थांबली आणि अगदी सहज, भांडणाचा सूर नसताना, बाबांना विचारलं, "तुमी त्याच कंपनीत होतंव. कबर हाय म्हनून तुमी सांगितलंत नाय त्यांना?"

बाबांचा घास हातात राहिला. "सांगितलं," ते म्हणाले. "साहेबाशी वाजलं माजं त्यापायी. कुनी ऐकलान नाय." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आईनंही पाहिलं. तिला खात्री करून घ्यायची नव्हती, ती नुसती माझ्या तोंडूनही ऐकू बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर त्या घरात नळाशिवाय काही उरलं नसतं, हे मला कळत होतं. कचेरीत मी खोटं बोलले ते भीतीनं. इथे कसली भीती नव्हती. समोर माझी आई बसली होती, जिला तिच्या पोरीची कबर कुणी दाखवली नव्हती आणि जिच्याकडून दुसरी तिच्याच नवऱ्यानं काढून घेतली होती, आणि तिला खरं सांगणारं जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"हो आई," मी म्हणाले. "बाबा लय भांडले."

आईचा चेहरा निवळला. पुढे गावी परतल्यावरही, बाबा गेल्यावरही, ती चारचौघींत सांगे की माझ्या नवऱ्यानं एका परक्या माणसाच्या कबरीसाठी गोऱ्या साहेबाशी भांडण केलान, आणि मी शेजारी बसून ऐकत असे. त्या दुपारी तिनं कढईतली सुरमईची सगळ्यात मोठी, मधली तुकडी निवडून काढली आणि बाबांच्या ताटात वाढली. बाबांनी ती खाल्ली.